बाबांना ‘मायक्रोसॉफ्ट’मधून फोन आला आणि त्यांनी सांगितलेला नंबर लॅपटॉपवर खरंच निघाला, हे कसं?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाबा ७१ वर्षांचे, कोथरूडला एकटे राहतात, परवा दुपारी ‘मायक्रोसॉफ्ट सपोर्ट’मधून फोन आला, एनीडेस्क (दुरून दुसऱ्याचा कॉम्प्युटर चालवायचं सॉफ्टवेअर) टाकायला लावलं, पाऊण तास लाईनवर धरून ठेवलं, खात्यातून आधी १० रुपये आणि मग ४९ हजार दोनदा गेले. तुम्ही जर्मनीत, आणि विचारताय की लॅपटॉप फॉरमॅट करायचा का, त्या लोकांना लॅपटॉपचा आयडी आधीच कसा माहीत होता (बाबांनी तो वहीत लिहून ठेवलाय), आणि बाबा आता लॅपटॉपला हातच लावत नाहीत त्याचं काय करायचं. मी २२ वर्षं पुण्यात घरोघरी जाऊन कॉम्प्युटर दुरुस्त करतो, माझी निम्मी गिऱ्हाईकं म्हणजे तुमच्या बाबांसारखीच माणसं आहेत, मुलं बाहेर आणि घरी दोघं किंवा एकटं कुणीतरी. त्यामुळे सविस्तर लिहितो.

पण तुम्ही जाता जाता एक वाक्य लिहिलंय की अजून तक्रार केलेली नाही कारण बाबा म्हणतात ओटीपी मीच सांगितला, चूक माझीच. आधी ते. हे वाचून होईपर्यंतसुद्धा थांबू नका, बाबांना किंवा शेजारच्या कुणाला तरी १९३० लावायला सांगा. ही केंद्र सरकारची सायबर फसवणुकीची हेल्पलाईन आहे. बँकेचं नाव, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा क्रमांक विचारतात (बँकेच्या मेसेजमध्ये किंवा स्टेटमेंटमध्ये असतो, यूटीआर म्हणतात त्याला), तेवढा हाताशी ठेवा. तिथून पैसे ज्या खात्यात गेले त्या बँकेला निरोप जातो आणि त्या खात्यात जे शिल्लक असेल ते अडकवून ठेवता येतं. पैसे एका खात्यात थांबत नाहीत, तिथून दुसऱ्या, दुसऱ्यातून चार, मग कुठल्यातरी एटीएममधून बाहेर, म्हणून पहिला तास सगळ्यात मोलाचा. तुमचा तो गेला, हे खरं, तरी करा, कारण कधीकधी मधल्या एखाद्या खात्यात थोडे पैसे अडकलेले सापडतात. ते परत मिळायला पुढे पोलीस आणि कोर्टाची प्रक्रिया लागते, पण तक्रारच नसेल तर ती सुरूच होत नाही. १९३० वर पोचपावतीचा क्रमांक मिळाला की पूर्ण तक्रार सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर भरा. शिवाजीनगरला पुणे शहराचं सायबर पोलीस ठाणं आहे, पण रात्री-बेरात्री तिकडे धावायची गरज नाही, जवळच्या पोलीस ठाण्यातही तक्रार देता येते.

त्याच दिवशी बँकेला लेखी कळवा, ईमेल असेल तर उत्तम, वेळ दिसते. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात असा नियम घातला की ग्राहकाने स्वतः ओटीपी वगैरे दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं, पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणजे बाबा जितके दिवस गप्प बसतील तितके दिवस जबाबदारी त्यांच्याच डोक्यावर. हे त्यांना सांगा, बँकेचा नियम आहे म्हटल्यावर ते ऐकतील, आपल्या भावनेपेक्षा नियम त्यांना जास्त पटतो असा माझा या पिढीचा अनुभव आहे.

आता तो नंबर. मला खात्री आहे की वहीत ८८८डीसीए६० असं सुरू होणारं काहीतरी लिहिलेलं असणार. फोनवरचा माणूस काळी खिडकी उघडायला सांगतो, कमांड प्रॉम्प्ट, त्यात एएसएसओसी अशी पाच अक्षरं टाईप करायला लावतो, भराभर यादी सरकते आणि तळाशी एक लांबलचक आकडा दिसतो. मग तो म्हणतो, सर, मी तुमचा कॉम्प्युटर लायसन्स आयडी वाचतो, तुम्ही जुळवून बघा. आणि एकेक अक्षर जुळतं. भल्याभल्या इंजिनिअर माणसाचा इथे विश्वास बसतो, का नाही बसणार, जो आकडा आपणही कधी बघितला नाही तो याला कसा माहीत? तर तो आकडा विंडोजच्या प्रत्येक कॉम्प्युटरवर तोच असतो. माझ्या दुकानातल्या प्रत्येक मशीनवर आहे, तुमच्या ऑफिसच्या लॅपटॉपवर आहे. फाईल झिप करून पाठवायची जी एक सोय विंडोजमध्ये असते तिचा तो अंतर्गत क्रमांक आहे, त्याचा लायसन्सशी, बाबांशी, कोथरूडशी काहीही संबंध नाही. त्यांच्याकडे बाबांची माहिती म्हणून फक्त नाव आणि मोबाईल नंबर होता, आणि तो आपण सोसायटीच्या गेटपासून मॉलच्या लकी ड्रॉपर्यंत शंभर ठिकाणी दिलेला असतो.

हे एकदा कळलं की बाकीचंही असंच आहे हे दिसायला लागतं. इव्हेंट व्ह्यूअर उघडून लाल गोळे आणि पिवळे त्रिकोण दाखवतात, सर बघा किती एरर. ती विंडोजची रोजनिशी आहे, काहीही छोटं अडलं की नोंद होते, डिस्ट्रिब्युटेडकॉम १००१६ नावाची एरर तर इतकी सगळीकडे असते की मायक्रोसॉफ्टनेच सांगितलंय तिच्याकडे दुर्लक्ष करा. खोक्यातून आज काढलेल्या नव्या लॅपटॉपवरही लाल गोळे दिसतात. मग नेटस्टॅट नावाची कमांड, तिच्यात एका रकान्याचं नाव असतं फॉरेन अ‍ॅड्रेस. त्याचा अर्थ फक्त समोरचं टोक, तुम्ही ज्या वेबसाईटला जोडलेले आहात तिचा पत्ता. पण हा माणूस फॉरेन शब्दावर बोट ठेवतो आणि म्हणतो परदेशातले हॅकर आत्ता तुमच्या मशीनला जोडलेत. आणि गंमत नाही ताई, वाईट वाटतं सांगताना, त्या वेळी त्या यादीत त्याचं स्वतःचं एनीडेस्कचं कनेक्शनही असतं. म्हणजे घरात शिरलेला एकुलता एक परका तोच.

सांगायचा मुद्दा हा की बाबांच्या लॅपटॉपमध्ये फोनच्या आधी काहीही बिघडलेलं नव्हतं. या लोकांना कॉम्प्युटरचं विशेष ज्ञान लागतच नाही. तुमच्या मशीनमधल्या खऱ्या, रोजच्या, निरुपद्रवी गोष्टी तुम्हालाच दाखवायच्या आणि त्यांना घाबरवणारा अर्थ द्यायचा, आणि तो अर्थ दुसऱ्या कुणाला विचारायला वेळ मिळू नये म्हणून फोन ठेवू द्यायचा नाही. एवढाच धंदा. तीन-चार वर्षांपूर्वी एक मुलगा माझ्याकडे कामाला ठेवा म्हणून आला होता, हुशार, इंग्रजी चांगलं, आधी कुठे होतास विचारलं तर बराच वेळ घुटमळला आणि मग सांगितलं की नाईट शिफ्टला अमेरिकेत फोन लावायचं काम होतं, चार महिन्यांत सोडलं, झोप लागायची नाही. त्याने सांगितलं की पहिला फोन उचलणारा वेगळा, त्याला ओपनर म्हणतात, त्याने फक्त घाबरवायचं आणि मशीनमध्ये शिरायचं, पैशाचं बोलणारा क्लोजर वेगळा, तो सीनिअर इंजिनिअर म्हणून लाईनवर येतो. आणि कागदावर पहिली सूचना होती की गिऱ्हाईक चिडलं तरी वाद घालायचा नाही, फक्त फोन तुटू द्यायचा नाही. तुमच्या बाबांनाही मध्येच ‘सीनिअर’कडे दिलं असेल, विचारून बघा.

पुण्यात आपण हे दुसरीकडचं म्हणून सोडून देऊ शकत नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये सीबीआयने ऑपरेशन चक्र केलं तेव्हा जी बोगस कॉल सेंटर्स पकडली त्यात पुण्यातलं एक होतं. पुढच्या वर्षी त्याचा दुसरा टप्पा झाला, ७६ ठिकाणी झडत्या, त्यात मायक्रोसॉफ्ट आणि अ‍ॅमेझॉनने स्वतः दिलेल्या तक्रारी होत्या. २०२५ च्या मे महिन्यात खराडीत पुणे पोलिसांनी असंच अमेरिकेतल्या लोकांना लुबाडणारं मोठं सेंटर पकडलं. रात्री अमेरिकेला लावायचे तेच संवाद दिवसा हिंदीत आणि मोडक्या मराठीत आपल्या आई-बापांना ऐकवले जातात. सध्या एक नवीन निमित्तही आहे त्यांच्याकडे, विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, ही बातमी खरी आहे, त्यामुळे ‘सर तुमचं विंडोज एक्स्पायर झालंय’ हे वाक्य आता निम्मं खरं वाटतं.

हेही सांगून ठेवतो, मायक्रोसॉफ्ट, गूगल, अ‍ॅपल यांपैकी कुणीही तुमच्या मशीनमध्ये व्हायरस आलाय म्हणून आपणहून फोन करत नाही, कधीच. आणि स्क्रीनवर जे सायरन वाजवत येतं, लाल चौकट, खाली टोल फ्री नंबर, ती फक्त एक वेबसाईट असते फुल स्क्रीन केलेली. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या एरर मेसेजमध्ये फोन नंबर नसतो. एस्केपचं बटण दाबून धरायचं, नाही गेलं तर ऑल्ट आणि एफ४, तेही नाही तर पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून बंद, आणि परत चालू केल्यावर ब्राउझर विचारेल आधीची पानं उघडू का, तर नाही म्हणायचं. प्रिंटर चालेना म्हणून गूगलवर कस्टमर केअर नंबर शोधणारे तर माझ्याकडे महिन्याला दोन-तीन येतात, वरती जाहिरात म्हणून जो नंबर दिसतो तो कंपनीचा असेलच असं अजिबात नाही. नंबर हवा असेल तर खोक्यावरचा, बिलावरचा, नाहीतर कंपनीच्या साईटचा पत्ता स्वतः टाईप करून.

फॉरमॅटचं. हो, करा, पण आज नको. आज फक्त वायफायपासून तोडा आणि बंद ठेवा. कारण एनीडेस्क स्वतःची एक नोंद ठेवतं, सी ड्राईव्हमध्ये प्रोग्रॅमडेटा नावाचं लपवलेलं फोल्डर असतं, त्यात एनीडेस्कचं फोल्डर आणि त्यात कनेक्शन ट्रेस नावाची साधी टेक्स्ट फाईल. कोण, कुठल्या एनीडेस्क क्रमांकावरून, किती वाजता आत आलं ते तिथे असतं. तिची एक प्रत पेनड्राईव्हवर घ्या, मोबाईलने फोटो काढा, तक्रारीला जोडा. लोक घाबरून पहिल्याच दिवशी फॉरमॅट मारतात आणि हाताशी असलेला एकुलता एक धागा पुसून टाकतात. नोंद काढून झाली की फोटो आणि कागदपत्रं बाजूला काढून विंडोज नव्याने टाका. फक्त एनीडेस्क काढून आणि विंडोजच्या स्वतःच्या अँटिव्हायरसचं, डिफेंडरचं, ऑफलाईन स्कॅन करून बऱ्याचदा भागतं, मी तरीही नव्याने टाकतो, कारण पाऊण तास परका माणूस आत होता, त्याने पासवर्ड सेट करून पुढे केव्हाही न विचारता आत येता येईल अशी सोय ठेवली असेल का, दुसरं कुठलं रिमोटचं सॉफ्टवेअर टाकलं असेल का, हे शोधत बसण्यापेक्षा दोन तासांत स्वच्छ होतं.

लॅपटॉपपेक्षा मला फोनची आणि ईमेलची जास्त काळजी आहे. फोनवरही एनीडेस्क, टीमव्ह्यूअर क्विकसपोर्ट, रस्टडेस्क असलं काही टाकायला लावलं होतं का बघा, असेल तर काढा, आणि मेसेजमधून आलेली कुठलीही एपीके फाईल (अँड्रॉइड अ‍ॅपची फाईल) इन्स्टॉल झालीये का तेही, काही एपीके येणारे एसएमएस गुपचूप दुसरीकडे पाठवतात, म्हणजे ओटीपी न विचारताच मिळतो. कॉल फॉरवर्डिंग बघायला फोनवर स्टार हॅश २१ हॅश डायल करा, आणि काही लागलेलं दिसलं तर हॅश हॅश ००२ हॅश, सगळं रद्द होतं. पासवर्ड त्या लॅपटॉपवरून बदलू नका, दुसऱ्या मशीनवरून, आणि आधी ईमेलचा मग बँकेचा, कारण ईमेल ज्याच्या हातात त्याच्या हातात बाकी सगळं. जीमेलमध्ये कुठली डिव्हाईसेस लॉगिन आहेत ते बघा, रिकव्हरीचा मोबाईल नंबर बाबांचाच आहे ना ते बघा, फॉरवर्डिंग आणि फिल्टर बघा. क्रोममध्ये सेव्ह केलेले सगळे पासवर्ड त्याने पाहिले असं धरूनच चला.

आणि बँकेत एफडी आहेत का? हा प्रश्न कुणी विचारत नाही. नेटबँकिंगमधून एफडी मोडता येते, तिच्यावर कर्ज काढता येतं, दोन मिनिटांत. ज्यांचे मोठे पैसे गेलेत त्यातल्या अनेकांच्या बचत खात्यात फारसं नव्हतंच, एफडी मोडून खात्यात आणली आणि तिथून नेली. बँकेत प्रत्यक्ष जाऊन सांगा की ऑनलाईन एफडी मोडायची सोय बंद करा, किंवा त्या खात्याला नेटबँकिंग नुसतं बघण्यापुरतं ठेवा. रोजच्या दूध-वाण्याच्या यूपीआयला वेगळं छोटं खातं, त्यात महिन्याला लागतील तेवढेच पैसे. हे एक काम बाकी सगळ्या अँटिव्हायरसपेक्षा जास्त उपयोगाचं आहे असं माझं मत आहे.

अजून एक फोन येणार आहे, त्याची तयारी आजच करा. सदाशिव पेठेतल्या एक निवृत्त शिक्षिका माझ्या जुन्या गिऱ्हाईक, त्यांचे ६० हजार गेले, त्यांनी आठ दिवस कुणाला सांगितलं नाही, मुलालाही नाही. नवव्या दिवशी फोन आला की आम्ही सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे पैसे सापडले, परत करायचेत, त्यासाठी प्रोसेसिंग फी भरा. त्यांना वाटलं, हे कुणालाच माहीत नव्हतं, म्हणजे खरंच पोलीस असणार. माहीत चोरालाच होतं. त्यात आणखी ३५ हजार गेले. बाई मला म्हणाल्या, पहिले गेले त्याचं एवढं नाही, पण दुसरे मी गप्प बसले म्हणून गेले. फसलेल्यांचे नंबर हे लोक एकमेकांना विकतात. पैसे परत देण्यासाठी पोलीस कधीही फी मागत नाहीत, आणि व्हिडिओ कॉलवर अटकही होत नाही, डिजिटल अरेस्ट हा प्रकार कायद्यात नाही. हे बाबांना पैसे गेल्याचा विषय निघेल तेव्हाच, त्याच बैठकीत सांगा.

ओरडू नका एवढं मात्र हात जोडून सांगतो. तुम्हाला राग आलाय हे तुमच्या लिहिण्यातून कळतं आणि तो चोरावरचाच आहे, पण फोनवर बाबांना तो आपल्यावरचा वाटणार. आपली आधीची पिढी फोनवर समोरच्याला मध्येच तोडत नाही, नीट बोलणाऱ्याशी नीट बोलते, साहेब मदत करतोय म्हटल्यावर चहा विचारते. त्यांच्या त्या चांगुलपणाचाच वापर झालाय. आणि त्यांना एकच नियम द्या, दहा नाही: कॉम्प्युटरचं कुणीही काही बोललं की ‘मुलीला विचारतो’ म्हणून फोन ठेवायचा. तुमच्याकडे रात्र असली तरी हे जमायला हवं, म्हणून इथल्या एका माणसाचा नंबर, भाचा असेल, शेजारी असेल, मोठ्या अक्षरात कागदावर लिहून लॅपटॉपच्या झाकणाला चिकटवा.

लॅपटॉपला हात लावत नाहीत म्हणालात. नव्याने विंडोज टाकून झालं की एखाद्या रविवारी व्हिडिओ कॉल लावा आणि तुमच्याकडचा विंडोजचा कुठलाही लॅपटॉप घेऊन बसा, ऑफिसचा चालेल. त्यांना काही करायला सांगू नका, नुसतं बघायला सांगा. इव्हेंट व्ह्यूअर उघडून तुमच्याकडचे लाल गोळे दाखवा. मग काळी खिडकी उघडून ती एएसएसओसीची कमांड टाका, खालचा आकडा शोधा, आणि बाबांना म्हणा, तुमची वही घ्या, मी वाचते, तुम्ही जुळवा.